तातेरावांचा मेमो

आबिड्सच्या बाजारामागची आमची सरकारी शाळा शंभर वर्षांची झाली आणि एकदम सगळ्यांना तिचा कळवळा आला. काल-परवापर्यंत पाडायला निघाले होते, आता म्हणे वारसा इमारतींच्या यादीत घालायची. समिती झाली. अध्यक्ष दिगंबरराव, आमचे जुने हेडमास्तर. मी पंचफुला, तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात असते. मीही समितीत गेले, पण बाबांसाठी. माझे बाबा तातेराव त्याच शाळेत शिपाई होते, आणि त्यांच्या माथ्यावरचा एक डाग मला पुसायचा होता.

पाहणीला शिल्पा नावाची इंजिनिअर पोरगी आली. तिनं हॉलची भिंत नखाएवढी खरवडली.

"हौ सर, सगळा चुनाच आहे. ऑइल पेंट मारला असता तर ओल आतच राहून भिंत सडली असती. कोण करत होतं हे?"

"शाळाच करत होती," सर म्हणाले आणि अर्जात तसंच लिहायला लागले.

माझं डोकंच फिरलं. शाळा करत होती म्हणे! दर उन्हाळ्यात बाबा आठ दिवस चुना भिजवायचे, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालायचे. एका वर्षी वरून ऑइल पेंटचे डबे आले. बाबांनी ते कोठीत सारले आणि चुन्याचाच हात दिला. म्हणायचे, "पंचे, भिंतीलाबी घाम येतो. बाहेर पडू द्यावा." त्यापायी मेमो मिळाला, याच हॉलमध्ये सगळ्या मास्तरांसमोर हात जोडून माफी मागावी लागली. मी सातवीत होते, दारातून बघत होते. बाबा मरेपर्यंत त्यावर बोलले नाहीत, पण कागद जपून ठेवला.

मी तो पर्समधून काढला. "सही ओळखीची आहे का बघा, सर."

सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "माझीच आहे," म्हणाले. मग अर्जातलं 'शाळा' खोडून बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.

"नावाला पुरावा जोडावा लागतो," शिल्पा म्हणाली.

"हा मेमोच जोड," सर तिला म्हणाले.

"झेरॉक्स जोडा," मी म्हटलं. "हा कागद बाबांचा आहे." बोलता बोलता मला रडू आलं.

सर काठी टेकत उठले. "पंचफुला, त्या दिवशी तातेराव कुठं उभे होते?"

मी फळ्याजवळची जागा दाखवली. सर गेले, तिथं उभे राहिले आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.