तिजोरीतलं वाय-फाय

कुलूपकाकांच्या तळघरात उजेड यायचा, धूळ यायची, एकदा तर वरच्या रस्त्यावरची फुटलेली पाइपलाइनही आत येऊन गेली होती. आलं नाही ते फक्त फोनचं नेटवर्क. ते जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! चारी बाजूंनी जाडजूड दगडी भिंती, आणि आत जिकडे बघाल तिकडे पोलादी तिजोऱ्या. काही दुरुस्तीला आलेल्या, काही मालक विसरून गेलेल्या, काही इतक्या जड की त्या खाली कशा उतरवल्या हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. अशा जागी माणसाला धड श्वास घेता येतो हेच नशीब, फोनचं काय घेऊन बसलात.

पण धंदा म्हटला की फोन आलाच. म्हणून काकांनी जिन्याच्या वरच्या जाळीला एक टोपली बांधली होती. सकाळी आलं की सगळ्यांनी आपापले फोन टोपलीत ठेवायचे. वाजला की ज्याचे हात मोकळे असतील त्याने वर धावायचं. जुन्या गिऱ्हाइकांनाही हे पाठ झालं होतं. ते एकदा फोन लावायचे, कापून टाकायचे, माणूस जिना चढेपर्यंत दम धरायचे आणि मग पुन्हा लावायचे. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा काकांचा खाक्या.

काकांना कुलूपकाका म्हणायचे ते काही नुसत्या धंद्यामुळे नाही. हा माणूस साखरेच्या डब्यालाही कुलूप लावायचा. उघड्या वस्तूला पाय फुटतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची पुतणी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. लहानपणापासून अंगाने काडी, म्हणून तिचं नाव पडलं किल्ली, आणि पुढे लग्न होऊन संसार थाटला तरी तेच राहिलं. तिजोरीच्या दाराला कान लावून, डोळे मिटून, आकड्यांची चकती फिरवत ती बसली की आतलं कुठलं चाक कुठे अडतंय ते तिला बोटांना कळायचं. काका कोणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हेत. पण अवघड तिजोरी आली की ते गुपचूप आपलं स्टूल बाजूला सरकवायचे.

अशा धडधाकट बाईच्या किडन्यांनी भर तारुण्यात राम म्हटला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी प्यायचं तेही मोजून, आणि उरलेल्या दिवसांत काम. घरी बस, असं सगळे सांगायचे. घरी बसले तर किडनीच्या आधी डोकं जाईल, असं ती म्हणायची. दवाखान्याने तिचं नाव प्रतीक्षायादीत घातलं आणि बजावलं की फोन कधीही येईल. किडनी मिळाली तर ती थांबून राहत नाही. तुम्ही सापडला नाहीत, तर आम्हाला पुढच्या माणसाला बोलवावंच लागेल.

आणि तो फोन आला. टोपलीत आला. खाली काका ग्राइंडरवर पोलाद घासत होते, किल्लीचं डोकं एका तिजोरीच्या पोटात होतं. दवाखान्याने पुन्हा पुन्हा लावला, पण फोन कापून, दम धरून, मग परत लावायची या तळघराची रीत त्यांना कुठून ठाऊक असणार? दुसरा नंबर नवऱ्याचा. तो शाळेची बस चालवायचा, आणि गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा त्याचा नेम. जेवायला वर आल्यावर किल्लीने फोन बघितला आणि तिथेच पायरीवर बसली. किडनी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली होती. त्याचं भलं होवो, असं ती म्हणाली आणि ते खरंही होतं, पण ते म्हणताना ती ढसाढसा रडली. हातातोंडाशी आलेला घास गेला की माणूस रडणारच, त्यात मोठेपणा कसला आणायचा?

नवरा एका शब्दानेही रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच सांगितलं की यापुढे तळघरात पाऊल टाकायचं नाही, आणि स्वतःचा नेम मोडून फोन चालू ठेवायला लागला.

तेव्हापासून किल्ली रस्त्यावर, जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायला लागली. मांडीवर फोन, समोर चावी कापायचं मशीन. दिवसभर घरांच्या चाव्या आणि सायकलींच्या चाव्या. काका छोटी कुलपं वर आणून द्यायचे, पण तिजोरी थोडीच वर आणता येते! खाली एक जुनी, दोन चकत्यांची तिजोरी आली होती. काका तिच्यापुढे बसून बसून थकले. त्यांचे कान आता पहिल्यासारखे राहिले नव्हते, पण हे ते कबूल करतील तर ते काका कसले! किल्लीला वरून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं आणि तिचे हात शिवशिवायचे. आजाराने तिचं पाणी घेतलं, मीठ घेतलं, झोप घेतली. आता कामही घेतलं. तिला वाटायला लागलं की आपण जगायची वाट बघतोय, जगत नाही.

एक दिवस इंटरनेटच्या तारा जोडणारी एक बाई चावी करून घ्यायला आली. शिडी खांद्यावर, वायरचं भेंडोळं गळ्यात, आणि बोलणं असं की समोरच्याला हूं म्हणायलाही फट मिळू नये. चावी होईपर्यंत तिने सगळी कर्मकथा काढून घेतली आणि वर कपाळाला हात लावला. नेटवर्क खाली येत नाही ना, मग तार खाली न्या, म्हणाली. तारेला वाय-फायचा डबा लावा. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग म्हणून एक बटण असतं, ते चालू करा. मग फोन नेटवर्क नसलं तरी त्या डब्यातून वाजतो. नंबर तोच, समोरच्याने काही करायचं नाही, त्याला कळतसुद्धा नाही. किल्लीचा फोन हातात घेऊन तिने बघितलं. ते बटण फोनमध्ये पहिल्यापासून होतं, बंद. एवढे दिवस किल्ली ज्याच्यासाठी रस्त्यावर बसली ते तिच्याच मांडीवर होतं.

काकांना हे पटेना. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हा त्यांचा सवाल. तारवालीने त्यांच्याशी वाद घातला नाही, तिने सरळ भोक पाडून तार आत घेतली. डब्याचे हिरवे दिवे लागले. मग किल्ली कितीतरी दिवसांनी जिना उतरून खाली गेली, आणि नवऱ्याने वरून फोन लावला. तळघराच्या पार टोकाला, दोन तिजोऱ्यांच्या मधोमध, तिच्या हातात फोन खणखणला. आवाज इतका स्वच्छ की नवऱ्याचं नाक ओढणंही ऐकू आलं. सर्दी नव्हती त्याला. काकांनी डब्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि इतकंच म्हणाले की वस्तू कामाची दिसते.

आणि इथेच घात झाला. कामाची वस्तू, महागाची वस्तू, आणि या एका वस्तूवर पोरीचा जीव. काका ती उघडी ठेवतील? संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी दुकानातली सगळ्यात भक्कम तिजोरी निवडली. तिच्या पाठीला दुरुस्तीत पाडलेलं भोक होतंच. त्यातून तारा आत घेतल्या, डबा मऊ फडक्यावर ठेवला, आतले दिवे लागलेत याची खात्री केली, आणि दार लावून आकडे फिरवले. त्या रात्री म्हणे त्यांना फार शांत झोप लागली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली आली, फोन गळ्यात अडकवला आणि थेट त्या दोन चकत्यांच्या तिजोरीला जाऊन भिडली. इतक्या दिवसांची भुकेली ती. डोळे मिटलेले, कान पोलादाला, फोनकडे बघतंय कोण? दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि नवरा खाली आला. चेहरा पांढराफटक. मुलांना सोडल्यापासून तो फोन लावत होता, आणि दर वेळी तिकडून तीच बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

तिघंही वर धावली. रस्त्यावर येताच किल्लीचा फोन टुणटुण वाजायला लागला. नवऱ्याचे कॉल, नवऱ्याचे कॉल, आणि मध्ये एक अनोळखी नंबर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि नंबर त्यानेच लावला. काका भिंतीला टेकून उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

पलीकडे तारवाली होती. डबा नीट चालतोय ना, एवढंच विचारायला तिने फोन केला होता. किल्लीच्या जिवात जीव आला. तरी नवऱ्याने लगेच दवाखान्यालाही फोन करून विचारलं. नाही, त्यांच्याकडून फोन गेला नव्हता. मग तारवालीने डबा कुठे ठेवलाय ते विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या.

काकांनी सांगितलं. मग त्या बाईने त्यांना सुनावलं ते सुनावलं. पोलादातून नेटवर्क बाहेर येत नाही हे तुमच्या दुकानात तुम्हाला कोणी सांगायला हवं का, असंही ती म्हणाली. काकांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. सगळ्यांना घेऊन ते खाली गेले, तिजोरी उघडली, डबा काढला आणि भिंतीवर उंच, सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर ठोकला. मग किल्लीसमोर येऊन उभे राहिले. "पोरी, मी तुझा जीवच घेतला असता," एवढंच म्हणाले. तिने त्यांचा हात धरला, सोडला नाही.

नवऱ्याचं मात्र ठरलं होतं. दुधाने पोळलेला माणूस तो, आता ताक फुंकणार नाही तर काय? चल वर, स्टूल तिथेच आहे, म्हणाला. किल्ली आजवर त्याच्याशी कधी भांडली नव्हती, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला.

"मला किडनी कशाला हवीय? जगायला ना? मग हेच माझं जगणं आहे. फोन माझ्या छातीवर राहील, दर तासाला तू लाव, मी उचलीन. एकदा जरी नाही उचलला, तर मी स्वतः वर येऊन बसेन."

त्याने भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, अर्ध्या तासाला लावीन. आणि लावायचा खरंच. शाळेच्या फाटकातून, पेट्रोल पंपावरून. एकदा तर काका त्याला म्हणाले, बाबा रे, तू बस चालवतोस की टेलिफोन? किल्ली दर वेळी उचलायची, आहे म्हणायची आणि ठेवायची. फोनवर जुन्या तिजोऱ्यांचे नकाशे शोधायची, दूर गावच्या कारागिरांना आतले फोटो पाठवून सल्ला विचारायची. ज्या तळघरात बाहेरचा आवाज कधी पोहोचला नाही, तिथून ती आता जगाशी बोलत होती.

मग एका दुपारी फोन वाजला तेव्हा तिचा कान तिजोरीला होता. नवराच असणार म्हणून तिने न बघता उचलला आणि आहे म्हणाली. पलीकडे दवाखान्यातल्या बाई होत्या.

"तुमच्यासाठी किडनी आहे. किती वेळात येऊ शकाल?"

"निघाले," किल्ली म्हणाली. आपण उभ्या राहिलोय हे तिला मागाहून कळलं.

बाईंना आणखीही बरंच हवं होतं. ताप आहे का, शेवटचं डायलिसिस कधी झालं, ताजे रिपोर्ट कुठे आहेत. रिपोर्ट फोनमध्येच होते. ते तिने उभ्याउभ्या तळघरातूनच पाठवले, आणि ती जिना चढायच्या आत तिकडे ते उघडलेही गेले. नवरा रिकामी बस घेऊनच आला. किल्ली पुढे बसली, काका मागे छोट्या मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. वाटेत किल्ली एकदाच रडली. कुठल्या तरी घरावर आज आभाळ कोसळलंय आणि त्या लोकांनी तशातही आपला विचार केला, हे तिच्या मनातून जाईना.

ऑपरेशन झालं. आत एकाच माणसाला सोडत होते, म्हणून नवरा तिथे राहिला आणि काकांना घरी पाठवलं. ते घरी गेले नाहीत. तळघरात आले, वाय-फाय कॉलिंगचं बटण चालू आहे ना ते बघून फोन समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. जेवण गेलं नाही, कामात हात चालेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दवाखान्याचा तो कक्षही असा बंदिस्त की नवऱ्याच्या फोनवर नेटवर्कची एक काडी नव्हती, पण भिंतीवर वाय-फायचा पासवर्ड लावलेला होता. काकांनी दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. किल्लीचा आवाज घोगरा, खोल गेलेला होता.

"काका," ती म्हणाली, "लघवी झाली."

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. गेल्या दोन वर्षांत त्या पोरीला थेंबभरही होत नव्हती. ज्यांच्या घरात हा आजार असतो त्यांना विचारा, या दोन शब्दांपुढे कुठलं बक्षीस टिकतं ते. नवी किडनी चालायला लागली होती.

काका उठले आणि फोन कानाला लावूनच जिना चढले. कॉल वाय-फायवरून नेटवर्कवर कधी गेला ते कोणाला कळलंही नाही. भर रस्त्यात उभं राहून, आयुष्यात ज्यांनी कधी आवाज चढवला नाही असे कुलूपकाका दोन्ही बाजूंच्या दुकानांना ओरडून सांगायला लागले की आमच्या पोरीला लघवी झाली. समोरच्या चपलांच्या दुकानातल्या बाईला आधी वाटलं, म्हातारा गेला कामातून. मग तिला उमगलं, आणि तीही हातातली चप्पल उंच करून ओरडली. काही न कळलेली माणसंही टाळ्या वाजवायला लागली.

ते सगळं किल्लीला पलंगावर पडल्यापडल्या ऐकू येत होतं. टाके ओढले जात होते, नर्स हसू नका म्हणून दटावत होती, आणि किल्ली हसतच होती.