तळहाताएवढ्या तबकातला ज्वर

हेमंतातली सकाळ. कृष्णाकाठावर धुकं पसरलेलं, शुभ्र, शीतल, निःशब्द. घाटाच्या पायऱ्या पुसट, पलीकडचे ऊसमळे पुसट. सूर्य उगवला होता खरा, पण उन्हाला अजून ऊब नव्हती.

त्या धूसर प्रकाशात, प्रयोगशाळेच्या उंच खिडकीशी, कुमुदिनी उभी होती. शुष्कनयना, म्लानवदना. गेल्या हेमंतात तिची सहा वर्षांची सावनी गेली. गुडघा नुसता खरचटलेला. संध्याकाळी ताप, अंगभर लाली, आणि उजाडता उजाडता सगळं संपलेलं. पोरीच्या अंगात कसच नव्हता, असं सासूबाई बोलून गेल्या, आणि ते बोलणं तिच्या काळजात घर करून बसलं. आपण तिचं दूध लवकर तोडलं, आपण नोकरीमागे धावलो, आपलंच रक्त निःसत्त्व. वर्षभर तिने स्वतःला हेच ऐकवलं.

तिची नणंद मृणाल याच प्रयोगशाळेत रक्तपेशींचा अभ्यास करी. सावनीच्या जखमेत सापडला त्याच जातीच्या जंतूचं विष मृणालजवळ होतं.

"माझ्या रक्तावर घालून बघ," कुमुदिनीच तिला म्हणाली होती. "कमजोरी माझ्याकडूनच गेली असेल, तर दिसू दे एकदा."

परवा मृणालने तिचं रक्त काढलं. त्यातल्या टी-पेशी, देहाच्या त्या अहोरात्र जागत्या राखणदार, इतर पांढऱ्या पेशींच्या सोबतीने गुलाबी द्रवात जगवल्या. तबकाच्या एका खळग्यात विषाचा अंश घातला, दुसऱ्यात घातला नाही.

"आधी हा बघ, वहिनी. बिनविषाचा."

कुमुदिनी सूक्ष्मदर्शकावर वाकली. आत शांतता. गोल, चिमुकल्या, तेजस्वी पेशी, ताटात सांडलेल्या मोहरीसारख्या, आपापल्या जागी पडून होत्या.

"आता हा."

तिने पाहिलं आणि ती चरकली. पेशी फुगल्या होत्या, लांबट झाल्या होत्या, एकमेकींना बिलगून घोसच्या घोस झाल्या होत्या. घोसापलीकडे घोस, त्यापलीकडे घोस. उन्मत्त, अनावर, उद्दाम. तिचंच रक्त होतं ते, आणि ते पिसाटलं होतं.

"एरवी जंतू आला की हजारोंतली एखादी पेशी उठते," मृणाल हळू आवाजात म्हणाली. "या विषाने कुणाच्याही रक्तात पाचातली एक उठते. त्या सगळ्या एकदम पेटतात, आणि त्यात देहच होरपळतो."

"म्हणजे सावनी..."

"सावनी कमजोर नव्हती, वहिनी. ती नको इतकी लढली."

कुमुदिनीने टेबलाची कड घट्ट धरली. "कुणाशी लढली गं?" तिने विचारलं.

तिला ते न सांगताच कळलं. विष होतं कणभर. पोरीला मारलं ते तिच्याच राखणदारांनी. वर्षभराचा दोष एका क्षणात गळून पडला, आणि त्याच्या जागी जे आलं ते तिला सोसवेना. दुबळी म्हणून जिच्यासाठी झुरली, ती लेक रात्रभर, एकटी, जिवाच्या आकांताने लढत होती, आणि आई उशाशी बसून होती.

मृणालने तबक देहाएवढी ऊब राखणाऱ्या कपाटात परत ठेवलं. कुमुदिनी पुढे झाली, आणि कपाटाच्या काचेवर तिने तळवा टेकवला, तापलेल्या कपाळावर टेकवतात तसा.

"खूप लढलीस गं," ती म्हणाली. "आता बास, बाळा. बास."

काच कोमट होती, हात गार होता, आणि आतलं रक्त काही केल्या ऐकत नव्हतं.