टेप न लावलेले वळू

“अठ्ठावीस!” बासिलिओने ओरडून आकडा सांगितला आणि टेप गुंडाळली. टेप वळूला शिवलीसुद्धा नव्हती.

वळू अडकवायच्या लोखंडी खोड्याच्या मागच्या बाजूला तो एकटाच असे. पुढे वळूची मान अडकवायला फेर्मीन, आणि पलीकडे पत्र्याच्या छपराखाली सूक्ष्मदर्शकावर वाकलेली डॉक्टर नेलिदा. वळूच्या मागच्या पायांमध्ये हात घालून, वृषण खाली ओढून त्यांचा घेर मोजायचा, हे बासिलिओचं काम. अर्धं आयुष्य त्याने ते गप्पा मारता मारता केलं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात एका वळूने लाथ झाडली आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. बरगड्या जुळल्या, पण हात काही पुढे जाईना. खोड्याचं दार खणकन वाजलं की तो एक पाऊल मागे सरायचा.

हे सांगायचं कुणाला? कोरिएन्तेस प्रांताच्या माळावर वळूला घाबरणारा गडी म्हणजे पाण्याला घाबरणारा कोळी. शिवाय राहतं घर पशुपैदास केंद्राचं होतं. काम गेलं की घर गेलं. म्हणून तो नुसता वाकायचा आणि नजरेने अंदाज घेऊन आकडा ठोकायचा. इतकी वर्षं वळू पाहिलेल्या माणसाला टेप कशाला लागते, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

“काय रे कोम्पाद्रे, आज गाडी सुसाट?” पुढून फेर्मीन ओरडला. त्याच्या धाकट्या मुलीचा बासिलिओ धर्मपिता होता, त्यामुळे चेष्टेला मुभा होती. “बायकोने घाईने बोलावलंय वाटतं!”

“तुझ्यासारखं तासभर चाचपडत बसत नाही मी. सोड त्याला.”

“थांबा, सोडू नका,” डॉक्टर म्हणाली. ती उठून चक्क खोड्याकडे येत होती. बासिलिओने गुंडाळलेली टेप मुठीत आवळली.

केंद्रावर तीन संकरांच्या वळूंची तुलना चालली होती. कोण झपाट्याने वाढतो, कोण वंश चालवायला चांगला, कोणाचं मांस मऊ. घेर कमी भरला की तो वळू पैदाशीतून बाद. त्याला कत्तलखान्यात धाडायचं आणि मग मांस तपासायचं. बाद झालेल्यांचा ट्रक जनावरं चढवायच्या धक्क्याला लागलेला होता.

“बासिलिओ, याचा घेर अठ्ठावीस सेंटीमीटर म्हणालात ना?”

“हो, बाई.”

“आणि वीर्य बघाल तर असं, की अख्ख्या कळपात तोड नाही. मला पटत नाही. पुन्हा मोजा बरं. मी आहे इथे.”

हिवाळ्यातला, दक्षिणेकडचा बोचरा वारा सुटला होता, तरी बासिलिओच्या मानेवर घाम आला. वळूने एक पाय उचलून आपटला. बासिलिओला पळून जावंसं वाटलं, अगदी लहान पोरासारखं. पण बाई शेजारी उभी होती. त्याने ओठ आवळले आणि हात आत घातला.

वृषण गारठ्याने वर चढून बसले होते. त्याने ओढल्यावर ते खाली आले, चांगले भरदार. थंडीत ते वर चढतात आणि लहान दिसतात, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोही कधीकाळी इतरांना हेच शिकवायचा. भीतीपायी तेवढंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि हा वारा तर आठवडाभर सुटला होता.

“पस्तीस,” तो कसाबसा म्हणाला.

डॉक्टरने त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. “मघाशी टेप घसरली असेल,” ती हळूच म्हणाली. “होतं असं कधी कधी.”

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तेवढ्यात धक्क्याजवळ ट्रक सुरू झाला. आत वळू हंबरत होते.

“घसरली नाही, बाई,” बासिलिओ म्हणाला. “लावलीच नव्हती. ट्रकमधल्यांनाही नाही. ट्रक थांबवा.”

डॉक्टर हात हलवत, ओरडत ट्रककडे धावली. ट्रक थांबला. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि चेहरा उतरला होता.

“आणि परवा कत्तलखान्यात गेले ते?”

“त्यांनाही नाही,” बासिलिओ म्हणाला.

“त्यांचं मांस मी कालच तपासलं,” ती म्हणाली. “त्यात काही पैदाशीला ठेवण्याजोगे असतील, बासिलिओ. आता कसं कळणार?” ती आवाज चढवून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

वळू ट्रकमधून उतरवले गेले. पहिला खोड्यात शिरला आणि दार खणकन बंद झालं. फेर्मीन पुढची जागा सोडून मागे आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

“आण ती टेप,” तो म्हणाला. “मी मोजतो. तू पुढे जा.”

बासिलिओने टेप दिली नाही.

“तू तुझ्या जागेवर जा आणि मान नीट आवळ,” तो म्हणाला. “पक्की आवळ. मला भीती वाटते.”

फेर्मीनने चेष्टा केली नाही. तो पुढे गेला, दांडा ओढला, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिला.

बासिलिओ वाकला. छपराखाली डॉक्टर पेन उघडून बसली होती. आकडा यायला बराच वेळ लागला.