हळदीपुरतं जातं

पूर्णा गाव रेल्वेचं जंक्शन झालं, मग बाजार वाढला, चाळी उठल्या आणि शेवटी तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी आली. गाव वाढलं की गरिबाचंही भलं होतं, असं चावडीवरची शहाणी माणसं सांगत. विधवा धुरपदाबाईचं मात्र दळण गेलं. दहा वर्षं ती लोकांचं दळत होती आणि पायलीमागं मिळणाऱ्या ओंजळभर पिठावर जगत होती. आता बायका पाट्या घेऊन गिरणीकडे पळत. घरोघरची जाती उकिरड्यावर गेली. दोन दिवस तिची चूल पेटली नव्हती.

त्या सकाळी किशनराव देशमुखांच्या कस्तुराबाई दारात आल्या, तसा तिच्या जिवात जीव आला. त्यांच्या लेकीचं लग्न होतं. लग्नघर म्हणजे आठवडाभराचं दळण!

"धुरपदे, तुझं जातं पायजे. गहू गिरणीत टाकलेत, पर हळद जात्यावरच दळावी लागती. गावात धड जातं तुझंच राहिलंय."

"मंग मीच येते की, काकू. घटकाभरात दळून देते. तुमचं दळण मीच करत आले न्हवं?"

कस्तुराबाईंनी नजर चुकवली. "हळदीला तुझा हात कसा चालंल गं? पाच सवाष्णी लागत्यात. म्या काय करू? रीतच हाय तशी."

गड्यांनी जातं उचलून नेलं. मांडवात ते धुतलं, कुंकू लावून पुजलं. पण सवाष्णींचे हात गिरणीला सोकावलेले. जातं जागचं हलेना. जात्यामागोमाग आलेली धुरपदा मांडवाच्या कुडाआडून बघत होती. तिला राहवलं नाही.

"मधली खीळ जरा वर घ्या, मंग फिरंल."

जातं फिरलं. ओव्या सुरू झाल्या. तिला मात्र 'जेवून जा' असं कुणी म्हटलं नाही. ज्या हातांनी या घराची भाकरी दळली ते हात अशुभ, आणि दगड तेवढा शुभ! अशा रीतीला काय म्हणावं, ते वाचकांनीच आपल्या मनाला विचारावं.

दिवेलागणीला जातं परत आलं, आतून पिवळंजर्द. हळद निघायला जात्यातून मूठभर ज्वारी दळून काढावी लागते. धुरपदानं उतरंडीची गाडगी एकेक करून उपडी केली. मूठभरही ज्वारी निघाली नाही.