मालिनीचं सोयर

पंचवटीत कुणाला सोयर-सुतकाची शंका आली की फोन मला येतो. मी चिंतामण, पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर पौरोहित्य करणाऱ्या घरातला. लेकीला माहेरचं किती, दत्तक गेलेल्याला कुणाचं, सगळं तोंडपाठ. विचार करून उत्तर देणारा भटजी मला आवडत नाही. यजमानाला वाटतं, यालाही येत नाही. आणि मंगळवारी माझ्याच सुनेने मला गप्प केलं.

सून मालिनी. दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर झाला. तिच्या धाकट्या भावाने, शौनकने, बोन मॅरो दिला आणि ती वाचली. आता डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं आणि शुक्रवारी ती वणीच्या देवीची ओटी भरायला गडावर जाणार होती. आजारपणात बोललेला नवस होता तो. खण, नारळ, साडी, सगळी तयारी झालेली. अशात शौनकचा फोन आला, मुलगी झाली.

"बाबा, मला सोयर नाही ना?" तिने हसतच विचारलं.

लग्न झालेल्या बहिणीला भावाच्या घरचं सोयर नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझी जीभ अडली. तिचा नवा रिपोर्ट मीच वाचला होता. रक्तगट बदललेला, आता शौनकचा. म्हटलं, "थांब, बघून सांगतो."

तिचं हसू गेलं. ती आत गेली.

पोथ्या काढल्या. त्यात बोन मॅरो नव्हता, असणार कुठून? शेवटी नात यशश्रीला धरलं. ती अकरावी सायन्सला आहे.

"सोपं आहे आजोबा," ती म्हणाली. "सारख्या पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून संस्था, आणि सगळं मिळून आई. रक्त ही एक ऊती. तेवढ्या पेशी मामाच्या, बाकी आईच्या."

"म्हणजे चार आणे मामा?"

"असं मोजत नाहीत. आणि लाल पेशींना तर केंद्रकच नसतं. ओळख असते ती जागाच नाही."

"मग त्या कुणाच्या?"

"आईच्या हाडांतच तयार होतात की."

"पण कारखाना मामाचा."

"आणि कच्चा माल आईच्या जेवणाचा," असं म्हणून ती मोबाइलकडे वळली.

माझं डोकं गरगरायला लागलं. घर, गल्ली, वॉर्ड असं करत कुणी मला सबंध नाशिक दाखवावं आणि यातलं नाशिक नेमकं कोणतं विचारलं की गप्प बसावं, तसं झालं. चिडचिड होत होती, आणि कुणावर तेही कळत नव्हतं.

मालिनी दारात उभी होती. सगळं ऐकलं असावं.

"बाबा, मी या घरची राहिले की नाही, ते शोधताय का?"

"तसं नाही," मी म्हणालो. होतं मात्र तसंच.

"बरी झाल्यापासून रोज देवाचा नैवेद्य मीच करतेय. तो चालला ना देवाला?"

"चालला."

"मग?"

मला लाज वाटली. पण लाजेने गुंता सुटत नाही. "मला कळत नाही गं," मी म्हणालो. साठ वर्षं ओलांडल्यावर हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं असेल. "पण शुक्रवारी जाऊ. मी येतो बरोबर."

गाडीत ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. वणी मागे पडलं, नांदुरीचा घाट लागला, तरी माझ्या डोक्यात पेशी आणि शास्त्र यांची हाणामारी चालूच होती.

गडावर पुजाऱ्याने संकल्पासाठी नाव विचारलं. तिने सांगितलं.

"गोत्र?"

ती ओंजळीत तांदूळ धरून माझ्याकडे पाहत राहिली. मला अजूनही काही उमगलेलं नव्हतं.

"वसिष्ठ," मी म्हणालो. "माझी सून आहे."

पुढचं पुजाऱ्याने विचारलं नव्हतं.