भरल्या कणगीवरचा हात

ज्योत्स्नाने पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं आणि नशिबाने भिंत दिली ती अशी. त्र्यंबक रोडवरच्या एका शाळेचं कंपाऊंड, गेरूच्या रंगाचं, बारीक खडी मारलेलं. हात फिरवला तर सालटं निघावीत.

वारली चित्रांतल्या तारपा नाचाचे साचे तिने आठवडाभर खपून जाड प्लॅस्टिकमधून कापले होते. पहिला साचा चिकटपट्टीने भिंतीला लावला, रोलर फिरवला, साचा काढला आणि मागे सरून पाहिलं. खडीमुळे साचा भिंतीला नीट टेकलाच नव्हता. पांढरा रंग खालून पसरून नाचणाऱ्यांचे पाय हत्तीएवढे झाले होते. मुख्याध्यापिका सविता मॅडम येऊन बघून गेल्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर आपण सरळ चुना मारून घेऊ, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. अशा गोड आवाजाचीच जास्त धास्ती वाटते.

गुरुवारी सकाळी तिची आई भागीबाई नागलीच्या भाकरी बांधून हरसूलहून एसटीने आली. लेकीचं काम बघायचं होतं. भिंत बघून तिने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना.

"नाचून नाचून सुजले गं यांचे पाय," ती म्हणाली.

ज्योत्स्ना चिडली. चार वर्षं कॉलेजात चित्रकला शिकलेली ती, आणि आईने कधी ब्रश हातात धरला नव्हता. भागीबाईने मात्र भाकरीचं फडकं सोडलं, त्याचा बोळा केला, रंगात टेकवला आणि तिथे पडलेल्या एका विटेवर दाबून दाबून जवळजवळ कोरडा केला. घरची धान्याची कणगी बांबूची, शेणाने सारवलेली, तीही अशीच खरबरीत. दिवाळीत तिच्यावर तांदळाच्या पिठाचे हात उठवायचे तर आधी हात असाच कोरडा करावा लागतो, ओला ओघळतो. एका हाताने तिने साचा खडीवर दाबून धरला, दुसऱ्याने बोळा सरळ टेकवत गेली, घासला नाही. वाळल्यावर पुन्हा एक हात. साचा निघाला तेव्हा पाय काडीसारखे बारीक आणि तरतरीत उठले होते.

हे आपण लहानपणापासून बघत होतो आणि तरी रोलर आणला, याची ज्योत्स्नाला लाज वाटली. पण ती थोडीच. आईचा अभिमान त्याहून कितीतरी जास्त वाटला.

सुजलेल्या पायांवर गेरू फिरला आणि मायलेकी दीड दिवस बोळे टेकवत राहिल्या. शुक्रवारी दुपारी सविता मॅडम भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालल्या, चुना परत पाठवते म्हणाल्या आणि खाली नाव टाकायला सांगितलं.

नावाचा साचा ज्योत्स्नाने सगळ्यात आधी कापला होता. तो तिने पिशवीतून काढला, पाहिला आणि परत ठेवला. मग नावाच्या जागी आईला हात उठवायला सांगितलं. भागीबाईने भिंत निरखली आणि नकारार्थी मान हलवली. भरल्या कणगीवरच हात उठवतात, आणि कोपऱ्यात एका नाचणारीची जागा रिकामी होती. ज्योत्स्नाने तीही भरली.

"आता उठव, आई. शिकवलंस तू."

"कणगी जिची, हात तिचा," भागीबाई म्हणाली. "ही भिंत तू भरलीस."

ज्योत्स्नाने तळवा रंगात बुडवला, विटेवर दाबून कोरडा केला आणि भिंतीवर टेकवला. खडी टोचत होती तरी तिने हात बराच वेळ काढला नाही.

भागीबाई सविता मॅडमकडे वळली. कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं, "माझी लेक हाय ती."