बियाण्याची वेल

"भिंतीकडच्या वेलीला किती शेंगा धरल्या?" आतून प्रश्न आला.

फिटर कात्री घेऊन परसात उभा होता. त्याने मोजल्या. "सात."

"हात लावला नाहीत ना?"

"नाही गं."

"लावू नका. दिसलं काही की पाना लावायचा, ही तुमची सवय."

तो हसला. बायकोला अंथरूण धरून दोन महिने झाले होते, पण तिची जीभ काही पडून राहिली नव्हती. त्याला तिच्या बोलण्याचाच आधार वाटायचा.

तो बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. फुलझाडांशी त्याचा संबंध नव्हता. स्वीट पीची, म्हणजे वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या सुवासिक फुलांची, वेल घरात आली ती बायकोबरोबर. बायको डोंगरावरच्या थंड गावातली. तिथे ही वेल कुंपणावर मोकाट वाढायची. सासरी निघताना आईने तिला गोळ्यांच्या डबीत मूठभर बी दिलं होतं. इथल्या उन्हात ते येणार नाही असं ज्याने त्याने सांगितलं, आणि म्हणूनच तिने ते रुजवून दाखवलं. उकाडा ओसरला की ती बियांच्या टणक सालीचा नेलकटरने टवका काढायची, त्या रात्रभर भिजवायची आणि परसातल्या चरात लावायची. या वेलीला डोक्यावर ऊन चालतं, पायाशी मात्र गारवाच लागतो. म्हणून लाद्या फोडताना पडलेला बर्फाचा चुरा फिटर रोज दुपारी पोत्यात बांधून सायकलवरून आणायचा आणि बुंध्यांभोवतीच्या पेंढ्यावर पसरायचा.

"वेलींना बर्फ आणि शेजाऱ्याला माठातलं पाणी," शेजारचा शिंपी म्हणायचा. "वाटाणा तरी खायला मिळेल का?"

"बी विषारी असतं त्याचं."

शिंप्याने कपाळाला हात लावला होता.

रोजची फुलं रोज खुडायची, असा तिचा दंडक होता. शेंग धरली की वेलीला वाटतं आपलं काम झालं, मग ती फुलत नाही. फक्त भिंतीकडची एक वेल खुडायची नाही, ती बियाण्याची. असं करत त्या डबीतलं बी सव्वीस वर्षं चालत आलं होतं. मधल्या काळात तिची आई गेली, माहेरचं घर विकलं गेलं, कुंपणाच्या जागी कुणी भिंत घातली. आता ते बी असलंच तर या परसात होतं. होतं नव्हतं ते सगळं याच हंगामात पेरलं होतं. येणाऱ्यातलं अर्धं लेकीला द्यायचं ठरलं होतं. लेकीने नव्या घराच्या गच्चीवर कुंड्याही आणून ठेवल्या होत्या.

पण या वर्षी उन्हाळा महिनाभर आधी आला. आठवड्यात चार वेली पिवळ्या पडून वाळल्या. उरली ती बियाण्याची, आणि शेंगा भरायला घेतल्यामुळे तिनेही फुलणं थांबवलं होतं.

बायकोला आता अन्न जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना आवडेल ते करा." म्हणजे काय ते फिटरला कळलं. सकाळी त्याने पेल्यात आणून ठेवलेली फुलं हुंगली की ती दोन घोट दूध घ्यायची, बाकी दिवसभर काही नाही. ज्या सकाळी फुलं नव्हती, त्या सकाळी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दूध तसंच राहिलं, वर साय धरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो परसात भिंतीकडच्या वेलीपाशी गेला. सातही शेंगा हिरव्या, कोवळ्या होत्या. आतलं बी अजून पाण्यासारखं असणार, रुजण्याजोगं नाही. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने एकेक करून सातही कापल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. त्या दिवसापासून तो बर्फ दोनदा आणू लागला.

पाचव्या दिवशी पेल्यात तीन फुलं होती.

"कुठली ही?"

"मधल्या वेलीची."

"ती तर वाळली म्हणालात."

"सावरली. बर्फ वाढवला ना."

ती पेला नाकाशी धरून राहिली. मग अर्धा कप दूध प्यायली.

त्यानंतर तिने शेंगांचं विचारणंच सोडलं. विसरली, बरं झालं, असं त्याला वाटलं. आजारपणात माणूस विसरतं. रोज फक्त एवढंच विचारायची, "उद्या येतील ना?"

सुट्टीच्या दिवशी लेक आली. कारखाना चालूच होता. दुपारी तो पोतं घेऊन मागच्या दाराशी आला, तेव्हा आत बोलणं चाललं होतं.

"आई, बी कधी देतेस? कुंड्या नुसत्या तापतायत."

"या वर्षी नाही गं. ऊनच असं पडलं. शेंगा धरल्याच नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग आजीचं बी?"

"संपलं म्हणायचं."

फिटर दारातच थबकला. पोत्याचं पाणी त्याच्या टाचेवर ठिबकत होतं. शेंगा ठेवल्या तर वेल फुलत नाही, हे त्याला शिकवलं होतं तिनेच. पाचव्या दिवशीचा तो पेला हातात घेतला तेव्हाच तिला कळलं असणार. आणि तरी ती रोज उद्याची फुलं मागत होती.

पोतं ठेवून तो आत गेला.

"धरल्या होत्या," तो लेकीला म्हणाला. "सात. मी कापल्या."

"का पण, बाबा?" लेकीने विचारलं. मग तिची नजर कपाटावरच्या पेल्याकडे गेली.

"तुम्हाला गप्प बसायला काय होतं?" बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मी सांगत होते ना तिला नीट."

"तू कशाला खोटं बोलायचंस माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी कुठे," ती म्हणाली. "पेला जवळ आणा. तिथून वास पोचत नाही आता."

पेल्यात दोनच फुलं होती. त्याने स्टूल पलंगाला भिडवलं आणि पेला उशीच्या अगदी कडेशी ठेवला. तिने डोळे मिटले. तिच्या श्वासासरशी पातळ पाकळ्या हलायच्या, थांबायच्या, पुन्हा हलायच्या. फिटर तिथेच उभा राहून पाकळ्यांकडे बघत होता. थोड्या वेळाने लेकही त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बघू लागली.